अजून एकच डाव!



आपल्यात दर दोन-तीन आठवड्यांनी कुणीतरी विचारतंच, "तुमच्याकडे मुलांना गेम किती वेळ खेळू देता?" मग उत्तरं येतात. कुणी अर्धा तास म्हणतं, कुणी फक्त शनिवार-रविवार, कुणी 'आम्ही घरात आणलंच नाही' असं सांगून मोकळं होतं. मीही कित्येक वर्षं मिनिटंच मोजत होते. आता मात्र माझं मत बदललंय. किती वेळ खेळतो हे विचारायच्या आधी काय खेळतो आणि कुणाबरोबर खेळतो हे विचारायला हवं. मूल पोळीभाजी खातंय की वेफर्स, हे न बघता नुसते घास मोजावेत तसं आपलं चाललंय.

म्हणून आज एका जुन्या खेळाची बाजू घेऊन लिहितेय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

खेळाचं नाव सिव्हिलायझेशन. तुमच्यातल्या काहींना नाव ऐकताच हॉस्टेलची खोली आठवली असेल, खोलीत एकाच्याच मालकीचा कॉम्प्युटर, आणि त्याच्या पाठीमागे उभं राहून फुकटचे सल्ले देणारे चार-पाच जण. त्या सल्ले देणाऱ्यांत मीही होते, फक्त आमचा अड्डा कॉलेजच्या लॅबमध्ये असायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९९१ साली अमेरिकेतल्या मायक्रोप्रोझ कंपनीने हा खेळ आणला. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो बनवला. सुरुवात होते इसवी सनपूर्व ४००० मध्ये. हाताशी वसाहत करणारी एक टोळी आणि चारी बाजूंना न पाहिलेला, काळा नकाशा. तिथून गाव वसवायचं, शेतं करायची, रस्ते बांधायचे, मग लिपी, चाक, नाणी, कायदे असं एकेक शोधत पुढे जायचं. शेवटी एक तर बाकी सगळी राज्यं जिंकायची, नाही तर अल्फा सेंटॉरीकडे यान पाठवायचं. पुढच्या भागांत संस्कृतीच्या किंवा मुत्सद्देगिरीच्या जोरावर जिंकायच्या वाटाही आल्या. सहावा भाग २०१६ मध्ये आला, सातवा २०२५ मध्ये. चौतीस वर्षं! त्या काळातले बाकीचे बहुतेक गेम आज कुणाला नावानेही आठवत नाहीत.

मग हाच का टिकला? माझं उत्तर एका मराठी शब्दात आहे: डाव.

आपल्याकडे डाव या शब्दाला किती अर्थ आहेत बघा. पत्त्यांचा डाव मांडतात, कॅरमचा डाव संपतो, 'आता कुणाचा डाव?' असं विचारलं की तोच शब्द पाळी होतो, आणि कुस्तीत किंवा राजकारणात डाव टाकतात तेव्हा तो युक्ती होतो. सारीपाट असो की बुद्धिबळ, आपल्या आज्या-आजोबांचे सगळे बैठे खेळ डावाडावानेच चालायचे. माझा डाव झाला की मी थांबते, तू विचार कर, घाई नाही.

सिव्हिलायझेशन नेमका तसाच चालतो. तुम्ही तुमची माणसं हलवता, शहरात काय बांधायचं ते ठरवता आणि 'डाव संपला' असं बटण दाबता. तोपर्यंत जग थांबलेलं असतं. मध्येच कुकरची शिट्टी झाली, दारावर कुरियरवाला आला, तरी शत्रू तिथेच उभा असतो, बिचारा वाट बघत.

गंमत म्हणजे मायर यांनी सुरुवातीला केलेला नमुना असा नव्हता. त्यात काळ आपला आपण पुढे सरकत होता आणि खेळणारा बहुतेक वेळ नुसता बघत बसत होता. ते काही जमेना, म्हणून त्यांनी घड्याळ काढून टाकलं आणि डाव आणले. तेव्हा कुठे खेळात जीव आला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. खेळणाऱ्याला विचार करायला वेळ दिला तेव्हा तो खेळ झाला, त्याआधी ते नुसतं बघणंच होतं.

आता आमच्या घरातलं सांगते, कारण माझं मत तिथेच बदललं.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगा बारा वर्षांचा. दर रविवारी मराठी शाळेला जातो, बाराखडी येते, गणपतीची आरती पाठ आहे. पण घरात? मी मराठीत विचारणार, तो इंग्रजीत उत्तर देणार. आणि उत्तर तरी काय, 'फाइन', 'ओके', 'डोन्ट नो'. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे सांगायची गरज नाही.

त्यात तो मित्रांबरोबर एक धावपळीचा, गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळायचा. कानाला हेडफोन, खोलीचं दार बंद. जेवायला हाक मारली की "नॉट नाऊ आई, मॅच चालू आहे!" एकदा तिसऱ्या हाकेनंतर माझा ताबा सुटला आणि मी सरळ वायरच उपटली. पोरगं ढसाढसा रडलं. मला वाटलं, गेम बंद केला म्हणून रडतोय. तर म्हणाला, बाकीचे चौघं माझ्यामुळे हरले. त्या रात्री मला कळलं की मी त्याला अशा गोष्टीतून उठायला सांगत होते, जिथून मध्येच उठताच येत नाही. दोष त्याच्या हट्टाचाही नव्हता आणि माझ्या हाकेचाही. त्या खेळात थांबायला जागाच नाही.

नंतरच्या फेब्रुवारीत शाळेला आठवड्याची सुट्टी होती, बाहेर अखंड पाऊस. मी जुनी आठवण काढून सिव्हिलायझेशनचा सहावा भाग घेतला आणि एक अट घातली: राज्य एक, राजे दोन. माउस तुझ्या हातात, पण दोघांचं एकमत झाल्याशिवाय डाव संपवायचा नाही. आणि दरबाराची भाषा मराठी.

पहिल्या दिवशी कुरकुर झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या नव्या गावावर रानटी टोळी चालून आली आणि त्याने मला विचारलं, "स्लिंगरला मराठीत काय म्हणतात?" मी म्हटलं, गोफणवाला. त्याला तो शब्द इतका आवडला की दिवसभर घरात 'गोफणवाले पुढे चला' सुरू होतं. मग तटबंदी आली, तह आला, सरहद्द आली, तांडा आला. ('आई, आपला तांडा लुटला!' ही आरोळी शेजाऱ्यांनीही ऐकली असणार.) रविवारच्या शाळेच्या पुस्तकात हे शब्द असते तर त्याने ते घोकले असते आणि सोमवारी विसरला असता. इथे त्याला ते हवे होते, कारण त्यांच्यावाचून त्याला मला पटवता येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, शब्द काय, गोष्टी सांगूनही शिकवता येतात. येतात की! पण बारा वर्षांचा मुलगा आता आईच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकत नाही. त्याला आईशी वाद घालायचाय. मग वाद घालायला मराठी लागेल अशी जागा त्याला द्यायला काय हरकत आहे? 'आत्ता कोठार बांधायचं की सैन्य वाढवायचं?' यावर आम्ही एकदा वीस मिनिटं भांडलो. वीस मिनिटं, सलग, मराठीत! तेवढ्या वेळात पडद्यावर एक पानही हललं नाही. धावपळीच्या गेममध्ये वीस सेकंदसुद्धा मिळाले नसते.

एक प्रसंग तर मी विसरणार नाही. त्या भागात शत्रूच्या शहराच्या सगळ्या बाजू अडवल्या की ते शहर स्वतःला सावरू शकत नाही. आमच्याच एका शहराला असा वेढा पडला. मी त्याला वेढा म्हणजे काय, रसद म्हणजे काय ते सांगितलं. संध्याकाळी नाशिकला माझ्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. एरवी आजोबा-नातवाचं बोलणं 'कसा आहेस', 'बरा आहे', 'अभ्यास?', 'चालू आहे' इथे संपतं. त्या दिवशी हा आपणहून म्हणाला, "आजोबा, आमच्या शहराला वेढा पडलाय, रसद तुटली, काय करू?" वडील एक क्षण गप्पच झाले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी १६६० चा पन्हाळा सांगायला घेतला. सिद्दी जौहर, ऐन पावसाळा, रात्रीच्या अंधारात महाराजांचं निसटणं, खिंडीत बाजीप्रभूंनी रोखून धरलेला शत्रू. पोरगं मध्येमध्ये प्रश्न विचारत होतं, कारण त्याला खरोखर उत्तर हवं होतं. तो कॉल पाऊण तास चालला. गोष्ट त्याने आधीही ऐकली होती, पण तेव्हा ती त्याच्या कामाची नव्हती.

आता दुसरी बाजू. मी या खेळाची वकील असले तरी आंधळी नाही.

पहिला दोष, या खेळाचं व्यसन लागतं. 'अजून एकच डाव' ही त्याच्या चाहत्यांची जगभरची ओळख आहे, आणि पुढच्या भागांत तर खेळ संपल्यावरही 'अजून एकच डाव' म्हणून पुढे खेळत राहायचं बटणच दिलेलं आहे! मी स्वतः रात्री दहाला 'जरा बघते' म्हणून बसले आणि अडीच वाजता उठले, हेही कबूल करते. असं का होतं ते समजून घ्या. खेळात एकाच वेळी बऱ्याच गोष्टी शिजत असतात. धान्याचं कोठार दोन डावांत होणार, गलबत चार डावांत, नवा शोध पाच डावांत. कोठार होईपर्यंत थांबावं म्हटलं, तर तोवर गलबत दोनच डावांवर आलेलं असतं. सगळं एकदम पूर्ण होऊन पाटी कोरी झाली, असा क्षण येतच नाही. हे मुलाला उलगडून दाखवा. आमच्याकडे मी कागदावर लिहून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे हे मुद्दाम करतात?" बाळा, फोनमधलं जवळजवळ सगळंच मुद्दाम केलेलं असतं. ते ओळखता यावं एवढीच माझी अपेक्षा.

पण यावर उपायही त्याच खेळात आहे. डाव संपला की कुठेही साठवून ठेवता येतो, कुणाचं नुकसान होत नाही. म्हणून आम्ही मिनिटांऐवजी डावांवर सौदा करतो. 'जेवणाआधी दहा डाव.' दहा झाले की तो स्वतः बंद करतो, कारण आकडा त्याने मान्य केलेला असतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. सुरुवातीचे दहा डाव पाच मिनिटांत होतात, पण राज्य मोठं झालं की तेच दहा डाव तासभर खातात. चिरंजीवांनी हे माझ्याआधी ओळखलं होतं. आता सौदा दर आठवड्याला नव्याने ठरतो.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. हा खेळ इतिहास वाटतो, पण तो इतिहास नाही. त्यात जमीन रिकामी असते आणि तुमची वाट बघत असते. जे तुमच्यासारखं राज्य उभारत नाहीत ते 'रानटी'. त्यांना नाव नाही, भाषा नाही, त्यांना मारलं तर कुणी जाब विचारत नाही. २०१८ मध्ये सहाव्या भागात कॅनडातल्या क्री लोकांचे नेते पाउंडमेकर यांना आणलं, तेव्हा पाउंडमेकर क्री नेशनच्या एका प्रतिनिधीने जाहीर आक्षेप घेतला होता. इतरांची भूमी जिंकत सुटणं ही आमची रीत नव्हती, खेळात मात्र आम्हीही वसाहतवाद्यांसारखेच दिसतो, असा त्यांचा मुद्दा होता.

माझ्या मुलाने एक दिवस विचारलं, "ते रानटी का? त्यांचं गाव कुठे असतं?" प्रश्न फार चांगला होता. मी त्याला सांगितलं की आपल्याकडेही इंग्रज सरकारने १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं होतं. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला आणि त्या जमातींना विमुक्त म्हणू लागले, पण लोकांच्या मनातला शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. हे त्याच्या इथल्या शाळेत कुणी सांगणार नाही. मीही आपणहून कधी सांगितलं असतं असं वाटत नाही. खेळातली चूक कामी आली, पण मी शेजारी बसले होते म्हणून. एकट्याने खेळला असता तर 'रानटी म्हणजे मारायचे' एवढंच शिकला असता.

आणि हो, गांधीजी! पहिल्यापासून सहाव्या भागापर्यंत भारताचे नेते म्हणून त्यात गांधीजी आहेत, आणि ते अणुबॉम्ब टाकतात हा इंटरनेटवरचा जुना विनोद आहे. त्यामागे एक गोष्ट सांगतात: म्हणे गांधीजींच्या आक्रमकतेचा आकडा १ होता, त्यातून २ वजा झाले आणि कॉम्प्युटरच्या चुकीमुळे तो थेट २५५ झाला. गोष्ट इतकी चपखल आहे की सगळ्यांनी खरी मानली. मायर यांनी मात्र २०२० मध्ये आलेल्या आपल्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं की अशी चूक पहिल्या खेळात नव्हतीच. पाचव्या भागात बनवणाऱ्यांनी हा विनोद मुद्दाम घातला, ते वेगळं. माझ्या मुलाला शाळेतल्या मित्राने ही गोष्ट छातीठोकपणे सांगितली होती. आम्ही बसून ती तपासली. आपल्या व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या निम्म्या फॉरवर्डची जात हीच. ऐकायला छान, म्हणून खरं. हा धडा गणिताच्या आणि इतिहासाच्या दोन्ही तासांना चालेल.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी चार गोष्टी.

एक, वय. सहाव्या भागाला अमेरिकेत १० वर्षांपासून पुढे आणि युरोपात १२ पासून पुढे असं मानांकन आहे. लहान मुलांसाठी आधी बुद्धिबळ किंवा घरातला साधा पट बरा.

दोन, पैसे. नवा भागच घ्यायला हवा असं मुळीच नाही. जुने भाग सेलमध्ये बरेच स्वस्त मिळतात. फ्रीसिव्ह नावाचा याच धर्तीचा एक मोफत खेळही आहे. डेन्मार्कमधल्या विद्यार्थ्यांनी तो सुरू केला, १९९६ पासून तो उपलब्ध आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. दिसायला साधा आहे, पण डोकं तेवढंच लागतं.

तीन, शेजारी बसा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. दोघांची वेगवेगळी राज्यं हवी असतील तर 'हॉट सीट' नावाची सोय असते, एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचं. आमच्याकडे आता शनिवारी बाबाही असतो. त्याचा डाव चालू असताना आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन त्याच्याविरुद्ध तह करतो. कुजबुजत, मराठीत, कारण बाबा ऐकेल याची भीती. (बाबाही मराठीच आहे हे त्याला अजून सुचलेलं नाही.)

चार, हरू द्या. एखादं आश्चर्य, समजा पिरॅमिड, तुम्ही बांधायला घेतलं आणि दुसऱ्याने आधी पूर्ण केलं, तर तुमचं काम तिथेच थांबतं. पहिल्या वेळी माझ्या मुलाने जुना साठवलेला डाव परत उघडू या म्हटलं. मी म्हटलं, नको, आता इथून पुढे बघू. आपण सगळेच घर सोडून इतक्या लांब आलेलो आहोत. मागचा डाव परत उघडता येत नाही, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

गेमने मराठी वाचेल असा माझा दावा नाही. माझा मुलगा अजूनही मित्रांबरोबर तो धावपळीचा गेम खेळतो, आणि मी आता मॅच संपेपर्यंत हाक मारत नाही. अजूनही पुष्कळदा उत्तर इंग्रजीतच येतं. पण आठवड्यातून एकदा, दोन तास, आम्ही एका टेबलाशी बसतो आणि तो मला काहीतरी पटवून द्यायचा प्रयत्न करतो, माझ्या भाषेत. परदेशात वाढणाऱ्या मुलाकडून मला याहून जास्त काही मागायचं नाहीये.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या वेळी 'किती वेळ?' असं विचाराल तेव्हा आणखी एक प्रश्न विचारून बघा: 'त्या खेळात मला बसायला जागा आहे का?' ज्यात आहे, त्याच्याकडे थोड्या सैल हाताने बघा.

तुमच्याकडे काय खेळतात, आणि तुम्ही शेजारी बसता का, ते जरूर लिहा. सगळ्यांना उत्तर देईन. आत्ता मात्र उठते. आतून हाक आलीये, "आई, तुझा डाव!"